कंदीलपुष्पांचे माहेर

(विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा संक्षेप)



वनस्पती उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हिरवळ, कारंजी आणि रविवारची सहल उभी राहते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील वनस्पती उद्यानात मात्र ज्यांच्यासाठी संशोधकांनी वर्षानुवर्षे कष्ट घेतले, ती कंदीलपुष्पे पाहण्यासाठी खाली वाकावे लागते. शास्त्रीय भाषेत ही ‘सेरोपेजिया’ प्रजाती, खेड्यापाड्यांत खर्चुडी. भारतात तिच्या ४० हून अधिक जाती आढळतात. त्यांतील निम्म्याहून अधिक भारताबाहेर कोठेही नाहीत, आणि अनेकींचे माहेर आपला सह्याद्रीच आहे.

मी कलाशाखेचा पदवीधर. तरीही या फुलाची रचना ऐकून थक्क झालो. फुलाच्या नळीत खाली वळलेले केस असतात. आत शिरलेल्या चिमुकल्या माशीला त्यामुळे परतता येत नाही. दरम्यान तिच्या मुखांगाला परागपुंज चिकटतो. पुढे केस कोमेजतात, माशी सुटते आणि तो पराग दुसऱ्या फुलाकडे नेते. ही माशी नसेल, तर कुंडीतील वेल फुलेल, पण तिला शेंगा धरणे कठीण. म्हणूनच हाताने परागण करणे, बी रुजविणे, ऊतिसंवर्धनाने रोपे तयार करणे हे प्रयोगशाळेचे काम ठरते. प्रा. एस. आर. यादव व त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीचे कडे आणि पठारे पालथी घालून या जातींचा अभ्यास केला आहे.

परंतु कुंडीत कातळ कसा आणावा? कातळावरील वीतभर मातीत या वनस्पतीचा कंद कोरडे महिने निद्रिस्त काढतो आणि पावसाबरोबर अंकुरतो. हा कंद खाण्याजोगा असतो. गुराखी तो उकरतात, रानडुकरेही उकरतात. चार कंद गेल्याने जाती सहसा नष्ट होत नाही, मात्र पठारच खणले तर तिला आसरा उरत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील जांभ्याच्या पठारांवर बॉक्साइटच्या खाणी झाल्या. साताऱ्याकडे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या व त्यांचे रस्ते आले. वीज आणि धातू आपल्याला हवेच आहेत, हे मी नाकारीत नाही. मात्र जागा निवडण्यापूर्वी तेथील वनस्पतींची नोंद पावसाळ्यात व्हावयास हवी; उन्हाळ्यात पाहणाऱ्यास ते पठार ओसाडच वाटणार.

कासचे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत समाविष्ट झाले. उद्यानातील रोपे परत लावावयाची, तर अशा राखलेल्या जागा शिल्लक असाव्या लागतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पठारावर जाल, तेव्हा गवतात पाऊल जपून टाका.