साधनाला भाषा शिकवताना



येथून, गोमती नगरातून, कैसरबाग फार दूर नाही. मुंबईच्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने लखनौत १९२६ साली मॅरिस संगीत महाविद्यालय सुरू झाले. आज ते विद्यापीठ असून भातखंडे यांच्याच नावाने ओळखले जाते. घराण्यांच्या कंठी असलेल्या बंदिशी त्यांनी मिळवल्या, स्वरलिपीत बांधल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’तून सर्वांपुढे ठेवल्या. विद्या अशी खुली झाली की तीत भर घालण्याचा अधिकारही सर्वांना मिळतो. आजचा विषय संगणकाच्या क्षेत्रातील अशाच एका लहानशा भरीचा आहे.

‘गिट’ हे साधन लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली निर्माण केले. आज्ञावलीतील कोणती ओळ कोणी, केव्हा बदलली, याची नोंद ते ठेवते. त्याची मूळ संहिता कोणालाही वाचता येते आणि सुधारणाही सुचवता येते. बदल दाखवताना गिट त्यावर एक मथळा देते: हा बदल अमुक भागातील आहे. पण तो भाग कोठे सुरू होतो, हे प्रत्येक संगणकभाषेत निराळे असते. गिटला ती भाषा ठाऊक नसेल, तर समासाला चिकटून अक्षराने सुरू होणारी मागची ओळ ते मथळा म्हणून उचलते. कोटलिन भाषेत कार्ये बहुधा वर्गाच्या आत, समास सोडून लिहिलेली असतात. त्यामुळे बदल कोणत्याही कार्यात झाला, तरी मथळ्यात वर्गाचेच नाव येई. पुस्तकातील पाठाचे नाव विचारावे आणि पुस्तकाचेच नाव सांगितले जावे, तसे ते होते.

ही उणीव २०२२ साली दूर झाली. त्याच्या आदल्या वर्षी स्कीम भाषेची भर पडली होती. अशा भरीचा गाभा म्हणजे जेमतेम काही ओळींचे नमुने. पहिला नमुना मथळ्याची ओळ ओळखतो, दुसरा शब्दाची सीमा ठरवतो. मात्र त्या ओळी लिहिणाऱ्याला प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. १.५ ही एक संख्या, की दशांशचिन्हापाशी तिचे दोन तुकडे? दोन चिन्हे मिळून एक क्रिया होत असेल, तर ती एकत्र राहतात का? प्रत्येक उत्तरासोबत चाचणीही जोडावी लागते. मग जाणकार ते काम सर्वांसमक्ष तपासतात, चुका दाखवतात आणि ते दुरुस्त होऊन पुन्हा येते. उन्हाळी प्रशिक्षणासाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्यांना गिटचे चालक जी लहान कामे सुचवतात, त्यांत अशा नमुन्यांचाही समावेश असतो. तेथे पदवी विचारली जात नाही. पाठवलेल्या ओळी बरोबर आहेत का, एवढेच पाहिले जाते.

शब्द कोठे संपतो, हा तर व्याकरणाच्या तासाचाच प्रश्न. मराठीसाठी तो अजून पुरता सुटलेला नाही. गिटच्या अनेक नमुन्यांत रोमन अक्षरांचा शब्द अखंड मानला जातो, देवनागरी शब्द मात्र चिन्हाचिन्हांत सुटतो. संगणकात देवनागरीचे एक चिन्ह सामान्यतः तीन बाइटांनी लिहिले जाते. ते तीन तुटू नयेत, याची काळजी कोणीतरी आधीच घेतली आहे. पण अक्षर आणि त्याची वेलांटी ही दोन वेगळी चिन्हे असल्याने त्यांची ताटातूट होते. आज्ञावलीतील एखाद्या मराठी टिपेत ‘दिन’चा ‘दीन’ केला आणि शब्दवार फरक मागितला, तर संपूर्ण शब्दाऐवजी केवळ वेलांटी बदललेली दिसते. वाचणाऱ्याला दिवसाचे दैन्य झालेले एका दृष्टिक्षेपात कळत नाही.

यात कोणाचा आकस नाही. साधनाला तीच भाषा कळते, जी त्याला कोणीतरी शिकवली. कोटलिन जाणणारा पुढे आला, तेव्हा कोटलिनची सोय झाली. मराठीची सोय व्हायची तर अक्षर, मात्रा आणि जोडाक्षर यांचे नाते जाणणारा कोणीतरी पुढे यायला हवा. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलामुलींजवळ हे ज्ञान उपजत असल्यासारखे असते. त्याला संगणकाच्या अभ्यासाची जोड मिळायला हवी. पालकांनी मुलांना दोन्ही द्यावे. ते मूल गोमती नगरात राहते की सातारा जिल्ह्यातील खेड्यात, याने काही अडत नाही. पहिले काम परत आले, तर ते दुरुस्त करून पुन्हा पाठवण्याचा धीर तेवढा त्याच्यापाशी असावा.