वाद्यवृंद कुणाच्या मालकीचा?

(अँटॉप हिल येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासमंडळात झालेल्या भाषणाचा मजकूर)



अँटॉप हिलच्या पायथ्याशी सिंफनी वाद्यवृंदाविषयी भाषण ठेवावे याचे काहींना नवल वाटेल. या परिसरात पाण्याचा प्रश्न आहे, झोपडपट्टीच्या पुनर्वसनाचा आहे, सरकारी वसाहतीतील घरांचा आहे. ते सोडून शंभर युरोपीय वाद्यांची चर्चा कशासाठी, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु पाण्याच्या नळाबाबत जो प्रश्न कार्यकर्ता विचारतो तोच संगीताबाबतही विचारावा लागतो. खर्च कोण करतो, मालकी कोणाची आणि शेवटी ते पोहोचते कोणापर्यंत? या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकात नभोवाणीने जितके स्पष्ट दिले तितके दुसऱ्या कोणत्याही साधनाने दिले नाही.

सिंफनी हा मुळातच खर्चिक कलाप्रकार आहे. ख्याल गायला एक गायक आणि दोन-चार साथीदार पुरतात. सिंफनीला ऐंशी ते शंभर वादक लागतात. त्यातील प्रत्येकाने लहानपणापासून दहा-पंधरा वर्षे शिक्षण घेतलेले असावे लागते, आणि सर्वांनी एकत्र बसून तालमी केल्याखेरीज एक ओळही नीट वाजत नाही. हा भार युरोपात प्रथम राजदरबारांनी उचलला, पुढे तिकीट काढणाऱ्या सधन वर्गाने उचलला. दोन्ही काळांत ज्याने पैसा दिला त्यानेच ऐकले. बाहेरच्या माणसाला दार बंदच होते.

हे दार नभोवाणीने उघडले. लंडनच्या उन्हाळी 'प्रॉम्स' मैफलींचा खर्च चालवणाऱ्या संगीतप्रकाशन संस्थेने हात आखडता घेतला, तेव्हा १९२७ साली बीबीसीने त्या मैफली आपल्याकडे घेतल्या. १९३० साली तिने स्वतःचा सिंफनी वाद्यवृंद उभारला. त्याचा पगार घरोघरच्या रेडिओ परवान्यांच्या शुल्कातून निघत असे. खाणकामगाराला आणि उमरावाला परवान्याची रक्कम एकच होती आणि दोघांच्या कानी पडणारा बीथोव्हनही एकच होता. अमेरिकेत हेच काम एका खाजगी प्रसारण कंपनीने केले. एनबीसीने १९३७ साली तोस्कानिनीसाठी खास वाद्यवृंद जमवला, त्याच्या मैफली देशभर ऐकवल्या, आणि १९५४ साली तोस्कानिनी निवृत्त होताच वाद्यवृंद मोडून टाकला. बीबीसीचा वाद्यवृंद मात्र आजही आहे. दोन्हींच्या वादनाच्या दर्जात उणेअधिक नव्हते. फरक मालकीचा होता.

नभोवाणीचा वाद्यवृंद म्हणजे काय असते हे लेनिनग्राडने जगाला दाखवले. वेढ्याच्या पहिल्या हिवाळ्यात तेथील रेडिओ समितीच्या वाद्यवृंदातील कित्येक वादक उपासमारीने गेले. तालमींना सुरुवात झाली तेव्हा वाजवण्याच्या अवस्थेत पंधराएक जण उरले होते. सैन्यातून वादक मागवले गेले, त्यांना जादा शिधा देण्यात आला, आणि ९ ऑगस्ट १९४२ रोजी कार्ल एलियासबर्ग यांच्या संचालनाखाली शोस्ताकोविचची सातवी सिंफनी सादर झाली. सभागृहात मावले त्यांनी ती तिथे ऐकली. उरलेल्या शहराने रस्त्यांवरील ध्वनिक्षेपकांतून ऐकली. शत्रूच्या खंदकांपर्यंतही ती पोहोचवण्यात आली. त्या दिवशी तिकीट काढणारा श्रोता आणि न काढणारा श्रोता हा भेदच उरला नाही.

मुंबईचा इतिहास याहून गुंतागुंतीचा आहे. येथील नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी एका खाजगी कंपनीने सुरू केले. परवानाधारक दहा हजारांच्या आतच राहिले, कंपनी बुडाली आणि १९३० साली सरकारला कारभार हाती घ्यावा लागला. १९३४ साली वॉल्टर काउफमन हा ज्यू संगीतकार युरोपातून मुंबईत आला आणि पुढे कित्येक वर्षे त्याने येथील नभोवाणीच्या युरोपीय संगीत विभागाची धुरा वाहिली. पहाटेच्या प्रसारणाआधी पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येणारी आकाशवाणीची ती परिचित धून त्याच्याच नावे सांगितली जाते. १९३५ साली मेहली मेहता यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. हे सारे खरे. पण रेडिओ संच तेव्हा चैनीची वस्तू होता. गिरणगावातील खोलीत तो नव्हता. संगीत हवेत होते, ते पकडण्याचे साधन मोजक्यांच्या घरी होते.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलायला हवे होते आणि काही अंशी बदललेही. १९५२ साली दिल्लीत आकाशवाणीचा वाद्यवृंद उभा राहिला. रविशंकर, टी. के. जयराम अय्यर आणि पुढे पन्नालाल घोष यांनी त्याच्यासाठी रचना केल्या, त्याचे संचालन केले. भारतीय रागांना वाद्यमेळाचा देह देण्याचा हा प्रयत्न सरकारी पगारावर झाला आणि देशभर ऐकला गेला. त्याच वर्षी शनिवारी रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. ज्यांना कोणत्याही संगीत परिषदेचे तिकीट परवडले नसते, अशा घरांत नामवंतांचे गाणे त्यामुळे पोहोचले. सार्वजनिक नभोवाणीचे हे श्रेय कोणी नाकारू नये.

मात्र त्याच काळात एक चूकही झाली आणि समाजवादी विचाराच्या माणसाने तिच्याकडे डोळेझाक करता कामा नये. तत्कालीन माहिती व नभोवाणी मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी अभिजात संगीताचा आग्रह धरताना चित्रपटगीतांवर मर्यादा आणल्या. निर्मात्यांशी वाद होऊन ती गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ दिसेनाशी झाली. श्रोता काय करणार? त्याने काटा रेडिओ सिलोनकडे फिरवला आणि तो बिनाका गीतमाला ऐकू लागला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून सरकारला माघार घ्यावी लागली. लोकांचे कल्याण लोकांना न विचारता करू गेल्यास लोक पाठ फिरवतात, हा धडा संगीतापुरता मर्यादित नाही.

यात एक मोठी विसंगती होती. ज्या चित्रपटगीतांना हलके म्हणून बाहेर काढले त्यांच्यातच मुंबईचा खरा वाद्यवृंद वाजत होता. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले वादक धोबीतलावच्या कुडांत राहत. रात्री हॉटेलांत आणि दिवसा ध्वनिमुद्रणालयांत व्हायोलिन, चेलो, ट्रम्पेट वाजवत. मेळ बांधून कागदावर उतरवणारे अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा यांच्यासारखे संयोजक यांच्यातूनच आले. श्रेयनामावलीत त्यांची नावे क्वचितच आली. परळ-लालबागच्या कामगाराने 'सिंफनी' हा शब्द ऐकला नसेल, पण वीस-तीस व्हायोलिनांचा एकत्र चढणारा स्वर त्याच्या ओळखीचा होता. म्हणून हे संगीत परके, हे वरच्या वर्गाचे, असे म्हणणाऱ्यांनी या श्रमिकांची आठवण ठेवावी. गोन्साल्विस यांनी १९५८ साली शंभरावर वादकांचा इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा जमवून सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात कार्यक्रम केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. रागसंगीत आणि सिंफनी यांचा मेळ घालण्याचे ते स्वप्न होते. खाजगी हिंमतीवर उभा केलेला तो प्रयत्न टिकला नाही. कायम पगाराची हमी देणारी संस्था त्याच्या पाठीशी नव्हती. काही वर्षांनी गोन्साल्विस अमेरिकेला गेले.

आता आजची स्थिती पाहू. मुंबईत सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा व्यावसायिक वाद्यवृंद २००६ साली नरिमन पॉइंटच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रात स्थापन झाला. तो उत्तम वाजवतो, आणि तेथे मुलांना शिकवण्याचे कामही होते. याबद्दल त्या संस्थेचे ऋण मान्य करावे. परंतु त्याचे अनेक वादक अजून परदेशातून आणावे लागतात, आणि त्याचे सभागृह शहराच्या दक्षिण टोकाला आहे. गुरु तेग बहादूर नगरपासून हार्बर मार्गाने आठवे स्थानक छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. तेथून पुढे बस. तिकिटाची रक्कम बाजूला ठेवली तरी रात्रीच्या परतीची चिंता आहेच. ज्या जमिनीवर ते केंद्र उभे आहे ती राज्य सरकारने भाडेपट्ट्याने दिलेली आहे. म्हणजे या मैफलीत अँटॉप हिलच्या रहिवाशाचाही वाटा आहे; फक्त त्याची खुर्ची तेथे नाही.

यावर कोणी म्हणेल की आता मोबाइलवर बर्लिनपासून व्हिएन्नापर्यंत सारे ऐकता येते, नभोवाणी हवी कशाला? उत्तर साधे आहे. मोबाइल दुसऱ्यांच्या वाद्यवृंदांचे मुद्रण पोहोचवतो, आपल्या वादकाला पगार देत नाही. शिवाय ज्याला काय शोधायचे हे आधीच ठाऊक आहे त्यालाच तेथे सापडते. नभोवाणीवर मैफलीपूर्वी निवेदक सोप्या मराठीत रचनेची ओळख करून देतो, चार भागांत काय ऐकायचे ते सांगतो, आणि कधी सिंफनी न ऐकलेला माणूसही तीत सहज शिरू शकतो. सभागृहातील श्रोत्यालाही हे शिक्षण मिळत नाही.

म्हणून मागणी नेमकी असावी. सार्वजनिक जमिनीवर किंवा सार्वजनिक अनुदानावर होणाऱ्या मैफलींचे आकाशवाणीवरून मराठी निवेदनासह प्रसारण हा अपवाद न राहता नियम व्हावा. वाद्यवृंदाने वर्षातून काही कार्यक्रम षण्मुखानंदसारख्या, या वस्तीला चालत जाण्याजोग्या सभागृहांत अल्प दरात करावेत आणि तेथूनच ते प्रसारित व्हावेत. महापालिकेच्या शाळांतील मुलांना व्हायोलिन शिकण्याची सोय व्हावी, म्हणजे उद्याचे वादक आयात करावे लागणार नाहीत. आणि केसकरांच्या काळची चूक टाळण्यासाठी, काय ऐकवावे हे ठरवणाऱ्या समितीत श्रोत्यांचे आणि वादकांच्या संघटनांचे प्रतिनिधी असावेत. प्रसार भारती १९९७ पासून कायद्याने स्वायत्त आहे. त्या स्वायत्ततेत श्रोत्याला जागा मिळवून देणे हे काम अजून बाकी आहे.

अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांच्या कलापथकाने, सेवादलाच्या कलापथकाने कामगार वस्तीत गाणे नेले तेव्हा ते वस्तीच्या योग्यतेची परीक्षा घेत बसले नाहीत. तोच न्याय वाद्यवृंदाला लावावा. या टेकडीवरच्या माणसाला सिंफनी आवडेल की नाही हे त्याचे त्याने ठरवावे. पण ठरवण्याआधी ती त्याच्या घरात ऐकू आली पाहिजे, आणि तेवढ्यासाठी वस्तीवस्तीतून सह्या गोळा करून आकाशवाणीकडे आणि राज्य सरकारकडे पाठवणे कार्यकर्त्यांच्या आवाक्यातले आहे.