पेन ड्राइव्ह लावला, फाइल कुठून आली?

आजचा विषय लिनक्सचा आहे, पण शेवटी तो तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनपर्यंत पोहोचतो. म्हणून शेवटपर्यंत ऐका.

लिनक्समध्ये हार्डवेअरशी बोलायचं म्हणजे एका फाइलशी बोलायचं. डिस्क, कीबोर्ड, वेबकॅम... नेटवर्क कार्ड सोडलं तर जवळपास प्रत्येकासाठी 'डेव्ह' फोल्डरमध्ये एक फाइल असते. या फाइलमध्ये डेटा नसतो, दोन नंबर असतात. मेजर नंबर सांगतो ड्रायव्हर कुठला, आणि मायनर सांगतो त्या ड्रायव्हरचं नेमकं कुठलं डिव्हाइस. 'एसडीए' नावाच्या डिस्कचे नंबर ८ आणि ०.

पूर्वी या फाइल्स आधीच बनवून ठेवायचे. रेड हॅट ९ मध्ये अशा १८,००० हून जास्त नोंदी होत्या! म्हणजे जेवायला पन्नास माणसं येणार, आणि पानं मांडली अठरा हजार. मग 'डेव्हएफएस' आलं. ते हजर असलेल्या डिव्हाइसचीच फाइल बनवायचं, पण नावं कर्नलमध्येच ठरायची. २००३ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी 'यूडेव्ह' आणलं. विचार साधा: डिव्हाइस ओळखणं कर्नलचं काम, त्याला नाव काय द्यायचं हे बाहेर ठरू दे. २००६ मध्ये डेव्हएफएस कर्नलमधून गेलंच.

आता पेन ड्राइव्ह लावल्यावर काय होतं बघा. कर्नल तो ओळखतो, मूळ फाइल तयार करतो आणि 'यूइव्हेंट' नावाचा निरोप पाठवतो. यूडेव्ह तो निरोप ऐकून आपले नियम वाचतं, परवानग्या लावतं, आणि जास्तीची नावं म्हणजे सिमलिंक बनवतं. पेन ड्राइव्ह काढला की सगळं साफ.

इथे एक धोका आहे, नीट ऐका. 'एसडीए', 'एसडीबी' ही नावं डिव्हाइस सापडण्याच्या क्रमाने मिळतात. आज पेन ड्राइव्ह एसडीबी आहे, उद्या दुसरी डिस्क आधी सापडली तर एसडीबी ती असेल. आणि तुम्ही 'डीडी' कमांडने आयएसओ लिहायला बसलात, तर घरच्यांचे दहा वर्षांचे फोटो गेलेच म्हणून समजा. डीडी 'नक्की ना?' असं विचारत नाही. म्हणून 'डेव्ह, डिस्क, बाय-आयडी' या फोल्डरमधलं नाव वापरा. त्यात मॉडेल आणि सिरियल नंबर असतो. ही नावं यूडेव्हच बनवतं.

कॉलेज प्रोजेक्टला दोन अर्डुइनो लावणाऱ्यांचंही हेच. 'टीटीवाय यूएसबी शून्य' आणि 'एक' यांची अदलाबदल होते, आणि सेन्सरचा डेटा मोटारीच्या बोर्डाकडून वाचत बसता. स्वस्त बोर्डांवर बऱ्याचदा सीएच३४० चिप असते, तिला सहसा वेगळा सिरियल नंबरच नसतो. मग 'बाय-पाथ' वापरा, म्हणजे ओळख पोर्टवरून होते. फक्त एकदा ठरवलेलं पोर्ट बदलू नका.

स्वतःचा नियम लिहायचा असेल तर 'ईटीसी, यूडेव्ह, रूल्स डॉट डी' मध्ये फाइल बनवा. दोन बरोबर-चिन्हं म्हणजे तुलना, एक म्हणजे किंमत देणं. नव्वद टक्के डोकेदुखी इथूनच सुरू होते, असं समजा.

आणि हो, फोन लिनक्स लॅपटॉपला जोडल्यावर एडीबी 'नो परमिशन्स' म्हणतं ना? इंटरनेटवर उत्तर मिळतं: मोड ०६६६ टाका. चालतं, पण मग त्या मशीनवरचा प्रत्येक यूजर ते डिव्हाइस वाचू आणि लिहू शकतो. लॅबच्या कॉम्प्युटरवर तर नकोच. त्याऐवजी 'यूअ‍ॅक्सेस' हा टॅग लावा. मग परवानगी फक्त समोर बसून लॉगिन केलेल्यालाच मिळते. नियमाच्या फाइलचं नाव मात्र ७३ पेक्षा लहान आकड्याने सुरू करा, कारण फाइल्स नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि हा टॅग ७३ नंबरची फाइल वापरते.

तुमच्या फोनमध्ये यूडेव्ह नाही बरं का! अँड्रॉइडमध्ये हेच काम 'यूइव्हेंटडी' करतं. कॅमेऱ्याची फाइल कोणाच्या मालकीची, हे तिथल्या नियमांत लिहिलेलं असतं. म्हणजे कुठलंही अ‍ॅप थेट कॅमेऱ्याच्या फाइलला हात लावू शकत नाही, त्यामागे ही व्यवस्थासुद्धा आहे.

आज घरी एक करा. टर्मिनलमध्ये 'यूडेव्हएडीएम मॉनिटर' चालवा आणि पेन ड्राइव्ह लावा. ओळी पळताना दिसतील. काय दिसलं ते व्हॉइस नोटमध्ये सांगा. भेटू पुढच्या भागात!