चुनखडीचा हिशेब



कामगार चळवळीतल्या माणसाने रसायनशास्त्रावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटेल. आम्ही कॉलेजाची पायरी चढलो नाही. हे शास्त्र शिकणे भाग पडले ते एका चुन्याच्या भट्टीवर मजुरांवर चोरीचा आळ आला म्हणून.

दिवाळीआधी रिठदला भिंतींसाठी कळीचा चुना विरवतात, तो कसा खदखदतो हे आपण पाहिलेच आहे. तोच तिथला माल. शंभर किलो दगड भट्टीत घातला, तर चुना साठाच्या आत निघे. मालक म्हणे, उरलेला माल मजुरांनी लांबवला, मजुरी कापा. मजूर शपथा घेत. पण शपथेने तराजू हलत नाही.

रात्री पुस्तक उघडून बसलो. चुनखडी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्यात कॅल्शियमचा एक अणू, कार्बनचा एक, ऑक्सिजनचे तीन. भाजल्यावर तिचा कळीचा चुना आणि कर्बाम्लवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, होतो. समीकरणात डावीकडे जितके अणू, तितकेच उजवीकडे. एकही हरवत नाही. आता अणुभार मांडा: ४०, १२ आणि तीन वेळा १६. बेरीज १००. चुन्याचे ४० अधिक १६, म्हणजे ५६. राहिले ४४. तो वायू, वर उडून गेला. चोर सापडला!

उलटेही गणित करता येते. एक क्विंटल कळीचा चुना हवा, तर १०० ला १०० ने गुणून ५६ ने भागा. दगड लागेल सुमारे १७९ किलो. हा शुद्ध दगडाचा हिशेब. दगडात दहा टक्के वाळू असेल, तर ती उडून जात नाही. शंभर किलोंमागे वजन साठावर भरते, पण खरा चुना पन्नासच. मालक खूष, गवंडी नाखूष! विरवायला ५६ किलोंस १८ किलो पाणी हिशेबाने पुरते. प्रत्यक्षात जास्त लागते, कारण पुष्कळसे वाफ होऊन जाते.

कापलेली मजुरी परत मिळाली. पण ते ४४ किलो आमच्या डोक्यातून जाईनात. तेवढा वायू थंड झाल्यावर सुमारे २४ घनमीटर जागा व्यापतो. तीन मीटर लांब-रुंद खोली छतापर्यंत भरेल. तो हवेपेक्षा जड, सखल जागी साचतो. जळणाचा विषारी वायू वेगळाच. आणि थंडीत मजूर उबेसाठी पोराबाळांसह भट्टीच्या कडेलाच निजत.

दुसऱ्या दिवशी आम्ही भट्टीपासून दूर, उंचावर निवारा मागितला. तो मिळायला दोन हिवाळे लागले.