वीजजनित्रांचें सहकार्य



जात्यावर दळणाऱ्या दोघीजणी आपल्यांपैकीं कित्येकांनीं पाहिल्या असतील. निदान ऐकून तरी ठाऊक असतील. एकजण दळीत असतां दुसरी मदतीला येऊन बसते. आल्याबरोबर ती खुंट्याला हात घालीत नाहीं. जातें कोणत्या गतीनें फिरत आहे हें क्षणभर पाहते, आपला हात त्याच गतीनें पुढें नेते आणि खुंटा समोर येतांच अलगद धरते. वेळ चुकली तर मनगटाला हिसका बसतो. खुंटा धरल्यावरही एक प्रश्न उरतोच. ती खरोखर जोर लावते, कीं नुसता हात ठेवून पहिलीच्याच जोरावर फिरते? वीज उत्पन्न करणारीं दोन यंत्रें एकत्र चालवितांना नेमके हेच दोन प्रश्न उभे राहतात. जोडावें कसें, आणि भार वांटावा कसा? आजच्या भाषणांत ह्या दोनच गोष्टी मी सांगणार आहें.

कारखान्यांत एकच मोठें जनित्र न ठेवतां बेताचीं दोन-तीन जनित्रें ठेवण्याची चाल आहे, व ती सकारण आहे. कारखान्याचा भार दिवसभर सारखा नसतो. मोठें यंत्र थोड्या भारावर चालविणें म्हणजे चार माणसांच्या स्वयंपाकासाठीं पंगतीची चूल पेटविणें होय. शिवाय एक यंत्र दुरुस्तीस निघालें तर दुसऱ्यावर निभावून नेतां येतें. भार वाढला कीं दुसरें यंत्र सुरू करून चालत्या यंत्राशीं जोडावयाचें. काम मात्र क्षणभरही थांबतां कामा नये.

आपल्या घरीं येणारी वीज एकाच दिशेनें वाहत नाहीं. ती एका सेकंदांत ५० वेळां पुढेंमागें हेलकावे घेते. चार ध्रुवांचें जनित्र मिनिटास १५०० फेरे करूं लागलें म्हणजे हे ५० हेलकावे उत्पन्न होतात. दोन यंत्रें जोडण्यापूर्वीं चार गोष्टींचा मेळ बसावा लागतो. पहिली, दोहोंचा दाब, म्हणजे व्होल्टेज, सारखा असावा. दुसरी, हेलकाव्यांची गति सारखी असावी. तिसरी, तीन तारांतून हेलकावे ज्या क्रमानें येतात तो क्रम दोहोंकडे एकच असावा. चौथी, स्विच लावण्याच्या क्षणीं दोहोंचे हेलकावे एकाच ठिकाणीं असावे. एकाचा चढ आणि दुसऱ्याचा उतार असें होतां कामा नये.

ही शेवटची अट मोडली तर काय होतें? हेलकावे पूर्ण विरुद्ध असतांना स्विच लावला, तर तारांचीं टोकें एकमेकांस थेट भिडल्यावर वाहील तितका, प्रसंगीं त्याहूनही अधिक, प्रवाह क्षणार्धांत वाहतो. चालतें यंत्र नव्या यंत्राच्या जड फिरत्या अंगास एका झटक्यांत आपल्या पावलाशीं पाऊल जुळवावयास लावतें. दांड्याचे जोड तुटतात, वेटोळीं जागचीं हलतात, कधीं दांडाच पिळवटला जातो. मनगटाला बसणाऱ्या हिसक्याचेंच हें राक्षसी रूप होय.

मग मेळ बसला हें ओळखावें कसें? जुनी पद्धत दिव्यांची. उघड्या स्विचाच्या दोन बाजूंमध्यें, प्रत्येक तारेस एक, असे तीन दिवे जोडतात. गतींत फरक असेल तर तिन्ही दिवे एकदम उजळतात आणि एकदम विझतात. फरक जितका कमी, तितकी ही उघडझांप संथ. दिवे विझले म्हणजे हेलकावे जुळले. पण दिव्याला एक खोड आहे. थोडा दाब शिल्लक असला तरी तो विझलेलाच दिसतो. म्हणून त्याच्या जोडीस सिंक्रोस्कोप नांवाचें कांट्याचें उपकरण आलें. नवें यंत्र जलद असेल तर कांटा घड्याळाप्रमाणें फिरतो, मंद असेल तर उलट फिरतो. घड्याळाच्या दिशेनें अगदीं संथपणें तो बाराच्या जागीं येऊं लागला कीं, किंचित् अगोदर, स्विच लावावयाचा. कारण स्विचालाही मिटावयास सेकंदाचा अल्पसा अंश लागतो. नवें यंत्र जरासें पुढें धावत असावें अशी रीत आहे, म्हणजे जोडल्याबरोबर तें भार उचलतें. स्वतःच भार होऊन बसत नाहीं.

ह्या दिव्यांविषयीं माझा एक अनुभव सांगतों. नोकरीच्या पहिल्या वर्षीं मी दक्षिण महाराष्ट्रांतील एका साखर कारखान्यांत होतों. गळीत हंगामाच्या आरंभीं, पहांटे तीनच्या सुमारास, दुसरें जनित्र जोडावयाचें होतें. पावसाळ्यांत त्याची दुरुस्ती झाली होती, व तारा सोडून पुन्हां लाविल्या होत्या. तारांचा क्रम तपासल्याची खूण वहींत मींच केली होती. तपास मात्र केला नव्हता. दाब जुळला, गति जुळली, कांटा हळूहळू बाराकडे सरकूं लागला. मीं स्विचावर हात ठेवला. इतक्यांत आमचे वृद्ध मिस्त्री पाठीमागून म्हणाले, "साहेब, हात नगा लावू. दिवे एकदम इझाया पायजेत. ह्ये तर फेर धरून नाचत्यात."

मीं वर पाहिलें. तिन्ही दिवे एकामागून एक विझत होते. दोन तारांची अदलाबदल झाली होती! आमचा सिंक्रोस्कोप एकाच जोडीचा मेळ पाहणारा. त्याला ही चूक दिसणें शक्यच नव्हतें. स्विच लावला असता तर ऐन हंगामाच्या तोंडावर जनित्र गेलें असतें. बाहेर उंसाच्या गाड्यांची रांग उभी होती, आणि तोडलेला ऊंस कोणासाठीं थांबत नाहीं. जितका उशीर, तितका त्याचा उतारा घटतो. सकाळीं ती चूक मीं स्वतःच्या हातानें वहींत नोंदविली. न पाहतां खूण करण्याचें धाडस त्यानंतर मला झालें नाहीं.

आतां भाराकडे वळूं. एकटें यंत्र चालत असतां वाफ वाढविली तर वेग वाढतो. दोन यंत्रें जोडल्यावर हा नियम बदलतो. तीं जणूं अदृश्य दांत्यांनीं एकमेकांत अडकलेलीं असतात. एकाची गति दुसऱ्याहून निराळी राहूंच शकत नाहीं. मग एकाची वाफ वाढविली तर तें अधिक भार उचलतें आणि दुसऱ्याचा भार तितकाच हलका होतो. वाफ अगदींच बंद केली तरी तें थांबत नाहीं. दुसऱ्याच्या विजेवर मोटरीसारखें फिरत राहतें. खुंट्यावर नुसता हात ठेवणारी ती हीच! अशा यंत्रास आपोआप अलग करणारी योजना म्हणूनच ठेवावी लागते.

वाफेचें प्रमाण ठरविण्याचें काम गव्हर्नरचें. वेग किंचितही ढळूं न देणारा गव्हर्नर सर्वांत उत्तम असें आपणांस वाटेल. एकट्या यंत्राला तो खरोखरच चांगला. पण असे दोन हट्टी गव्हर्नर एकत्र आले कीं तंटा सुरू होतो. एकाच्या मतें वेग केसभर कमी, म्हणून तो वाफ वाढवीत सुटतो. दुसऱ्याच्या मतें तोच वेग केसभर अधिक, म्हणून तो वाफ कमी करीत जातो. शेवटीं सगळा भार एकावर पडतो आणि दुसरें रिकामें फिरतें.

ह्यावर उपाय म्हणजे गव्हर्नरला थोडें वांकावयास शिकविणें. भार वाढला कीं वेग थोडासा उतरूं द्यावयाचा. समजा, रिकाम्या यंत्राची गति ५२ हेलकावे व पूर्ण भारावर ५० ठेविली. हा उतार शेंकडा ४ झाला. आतां १५०० किलोवॅटचीं दोन यंत्रें घ्या. दोहोंचा उतार सारखा असेल, तर ६०० किलोवॅट भार वाढतांच प्रत्येक यंत्र ३०० उचलील. पण एकाचा उतार ४ व दुसऱ्याचा २ असेल, तर पहिलें २०० आणि दुसरें ४०० उचलील. जें कमी वांकतें त्याच्याच डोक्यावर अधिक ओझें! यंत्रें लहानमोठीं असलीं तरी शेंकड्यांतील उतार सारखा ठेवला कीं प्रत्येकाच्या वांट्यास त्याच्या कुवतीप्रमाणें भार येतो. कोणी कोणास निरोप धाडीत नाहीं. उतरलेला वेग हाच सर्वांना एकाच वेळीं पोंचणारा निरोप असतो.

हल्लीं इलेक्ट्रॉनिक गव्हर्नर तारांवाटे एकमेकांशीं बोलून भारही सारखा वांटतात आणि गतिही ५० वर राखतात. जोडणीचें कामही स्वयंचलित उपकरणें करतात. अटी मात्र त्याच. महाराष्ट्रांतील कित्येक साखर कारखाने आज उंसाच्या चिपाडावर वीज करून ती सार्वजनिक जाळ्यास विकतात; तेथेंही कारखान्याच्या लहानशा जनित्रास देशभरच्या प्रचंड जनित्रांच्या पावलाशीं पाऊल जुळवूनच आंत शिरावें लागतें.

हा सहकार किती मोठा व किती नाजूक आहे हें आपण पाहिलेलें आहे. ३० जुलै २०१२ रोजीं उत्तर भारताचें जाळें कोसळलें. दुसऱ्या दिवशीं तें पुन्हां कोसळलें, आणि पूर्वेकडील व ईशान्येकडील जाळींही त्याबरोबर गेलीं. अतिभारानें दुवे तुटले आणि एकत्र चालणारीं यंत्रें परस्परांच्या पावलांतून निसटलीं. त्यानंतर ३१ डिसेंबर २०१३ रोजीं सोलापूर ते रायचूर ह्या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीनें दक्षिणेचें जाळें उरलेल्या देशाशीं जोडलें गेलें. तेव्हांपासून काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतचीं जनित्रें एकाच तालावर फिरत आहेत.

आज रात्रीं आपण दिव्याचें बटण दाबाल, तेव्हां त्या सर्वांची गति अगदीं नकळत उतरेल, आणि प्रत्येक जनित्र आपल्या कुवतीप्रमाणें तो कणभर भार वांटून घेईल. एवढें ध्यानांत राहिलें तरी माझें भाषण सार्थकीं लागलें असें मी समजेन, आणि आपली रजा घेतों.