सापांच्या शोधात दोन दिवस

(शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



पेरण्या आटोपल्या, खुरपणीला अजून अवकाश आहे, अशा दिवसांत मी गेल्या आषाढात एक शनिवार-रविवार जरा वेगळाच घालवला. जुन्नर तालुक्यात माझे एक जुने स्नेही आहेत. वयाने मोठे, म्हणून मी त्यांना दादाच म्हणतो. ऊस, सोयाबीन, थोडा टोमॅटो अशी शेती. त्यांच्याकडे सापांचा जाणकार असा एक तरुण येणार होता. दादा म्हणाले, "तुम्ही पण या. आपल्या शिवारात कोणकोण राहतं ते एकदा बघू तरी." म्हणून गेलो.

आता तुम्ही म्हणाल, साप का मुद्दाम शोधायचे? ते आपोआप भेटतातच की! खरं आहे. पण भेटतात तेव्हा आपण काठी शोधतो, बघत नाही. आमचा नियम असा होता, की कशालाही हात लावायचा नाही. जाणकार तरुणाकडे लांब आकडा होता, पण तो दगड उचलण्यापुरताच, आणि उचललेला दगड पुन्हा जागेवर ठेवायचा. पायात गमबूट, हातात बॅटरी. जुन्नरकडे बिबट्याचा वावर, म्हणून अंधार पडल्यावर उसाकडे फिरकायचं नाही हेही ठरलं होतं.

शनिवारी दुपारी बांधाने निघालो. पहिल्याच दगडाखाली सापसुरळी निघाली, तुकतुकीत, तांबूस. दादा दचकून मागे सरले. हिला विष असतं असं आपल्याकडे सगळेच समजतात. अजिबात नसतं. ती पालीची भावंडं, किडे खाऊन जगते. पुढे बोरीच्या बुंध्यापाशी एक घोरपड दिसली, आणि आम्हाला बघून बिळात गेली. हिची शिकार करणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, तरी चोरून होतेच.

विहिरीच्या कठड्यावर धामणीची अखंड कात मिळाली. मोजली तर साडेसहा फूट भरली. दादांच्या आईंनी लगेच सांगितलं, की धामण गाईच्या पायाला वेढा घालून दूध पिते. आजींचा मान राखून तो तरुण एवढंच म्हणाला, "आजी, तिला दूध ओढून पिता येईल असे ओठच नाहीत. ती गोठ्यात येते उंदरांसाठी." धामण बिनविषारी आहे. उंदीर-घुशींच्या मागे ती बिळात शिरते, तिथे आपली पिंजऱ्याची किंवा औषधाची मात्रा पोचत नाही. सोयाबीनच्या कणग्या सांभाळणाऱ्याने तरी तिला मारू नये.

खरा प्रसंग रात्री घडला. जेवणं झाली. पडवीत सतरंज्या टाकून दादांची दोन नातवंडं झोपली होती. कोपऱ्यात सरपणाचा ढीग. मी हात धुवायला उठलो, तर ढिगाच्या कडेने काळपट, बोटाएवढा जाड साप भिंतीलगत सरकताना दिसला. अंगावर पांढरे पट्टे. दादा सहज म्हणाले, "कवड्या आहे हो. नेहमी येतो पाली खायला." आणि केरसुणी घेऊन त्याला ढकलायला निघाले. त्या तरुणाने त्यांचा दंड धरला, आणि अगदी हळू आवाजात सांगितलं, "दादा, आधी मुलं उचला."

ती मण्यार होती.

मुलं आत नेली. साप जागेवरच होता, बॅटरीच्या उजेडात आम्ही चार हातांवरून तो नीट पाहिला. आता हा फरक तुम्हीही लक्षात घ्या. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात, पुढे ते रुंद आणि ठळक, शेपटीकडे फिके होत जातात. रंग तपकिरी. मण्यारीचा रंग काळा-निळसर, चकाकणारा. तिच्या मानेजवळ पट्टे नसतात किंवा नुसते ठिपके असतात, मागे शेपटीकडे ते स्पष्ट होतात, आणि बहुधा जोडीजोडीने असतात. कवड्या भिंतीवर सराईतपणे चढतो, मण्यार शक्यतो जमिनीलगत फिरते. पण हे सगळं लांबून आणि उजेडात ओळखण्यासाठी. अंधारात, झोपेतून उठून, पट्टे मोजत बसू नये. पट्ट्यांचा साप घरात दिसला तर तो मण्यारच समजावा.

मण्यारीचं वाईट हे, की ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, आणि चावली तर फारसं दुखत नाही, सूजही येत नाही. माणूस डास चावला म्हणून कूस बदलतो. पहाटे पोटात कळ येते, घसा दुखतो, पापण्या जड होऊन मिटू लागतात. घरचे समजतात अपचन झालं. तोवर श्वास अडखळायला लागलेला असतो. तेव्हा पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी आणि पापण्या मिटणं ही दोन्ही लक्षणं दिसली, तर दाताची खूण सापडो न सापडो, थेट दवाखान्यात न्या.

दादा त्या रात्री झोपले नाहीत. बारा वर्षं आपण त्याच पडवीत निजतो, असं दोनदा म्हणाले.

रविवारी सकाळी उसाच्या पाचटाच्या ढिगाजवळ घोणस दिसली. खरं म्हणजे आधी ऐकू आली. कुकरची शिट्टी लांबल्यासारखा मोठा फुत्कार. अंगठ्याएवढ्या गोल ठिपक्यांच्या तीन साखळ्या अंगभर, डोकं त्रिकोणी. ती अंडी घालत नाही, पिल्लं देते, वीस-तीस सहज, आणि तीही पावसाच्या तोंडावर. पिल्लूसुद्धा विषारीच. तिच्यासारखीच दिसणारी डुरक्या घोणस बिनविषारी आहे, तिचे ठिपके ओबडधोबड आणि शेपूट आखूड असते. ही डुरक्या म्हणून घोणस हाताळणारे लोक दवाखान्यात येतात. पाचट उचलताना आधी काठीने हलवा, हात मागाहून घाला.

दुपारी माळावर दगडाखाली फुरसे मिळाले, जेमतेम दीड फूट. डोक्यावर बाणासारखी खूण. अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करकर आवाज करत होते. नाग काही दोन दिवसांत दिसला नाही. मांडूळ दिसलं. त्याला दोन तोंडं नसतात, शेपूटच बोथट असते, आणि त्याने गुप्तधन सापडत नाही. त्याचे लाखो रुपये देतो म्हणणारा माणूस भेटला तर तो फसवणारा तरी असतो किंवा तस्कर तरी, आणि पोलीस केस तुमच्यावर होते.

आता चावल्यावर काय. देशात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सुमारे बारा लाख माणसं सर्पदंशाने गेली, असा 2020 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. वर्षाला सरासरी 58 हजार. निम्म्याच्या आसपास मृत्यू जून ते सप्टेंबरमधले, आणि बहुतेक खेड्यातले. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या विषावर एकच लस चालते, ती सरकारी दवाखान्यात मिळते. म्हणून साप मारून बरोबर नेण्यात वेळ घालवू नका. आवळपट्टी बांधू नका, ब्लेडने कापू नका, विष चोखू नका, लिंबाचा पाला चावायला देऊन कडू लागतं का ते बघत बसू नका. अंगठ्या, कडी, जोडवी काढा, कारण सूज आली की ती रुततात. हाड मोडल्यावर फळी बांधतो तशी बांधून हातपाय स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, 108 ला फोन करा. गाडी लवकर येणार नसेल तर मोटारसायकलवर रोग्याला मध्ये बसवून मागून धरून न्या. देवळात जायचं असेल तर एकाने जा, रोगी दवाखान्याकडेच जाऊ द्या.

रात्री पंप चालू करायला जावं लागतं, वीजच तेव्हा येते, हे मला माहीत आहे. मग बॅटरी आणि गमबूट घरात खुंटीला नको, पंपाला जाण्याच्या वाटेवर, दाराशीच असू द्या.

दादांनी रविवारी संध्याकाळीच सरपण पडवीतून उचलून घरापासून वीस पावलांवर नेलं, उंच फळ्यांवर रचलं. सोमवारी बाजारातून दोन खाटा आणि मच्छरदाण्या आणल्या. मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचायची, नुसती लोंबती ठेवायची नाही. परवा त्यांचा फोन आला होता. एकीला मांजरानं भोक पाडलं, म्हणाले, पण वहिनींनी त्याच संध्याकाळी शिवून टाकलं.

बरंय, रामराम.