सभासदाचे दप्तर

(दक्षिण महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्था व अपार्टमेंट यांच्या पदाधिकाऱ्यांच्या कोल्हापूर येथील अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण)



एका चाळीस बिऱ्हाडांच्या गृहनिर्माण संस्थेचे दप्तर मी बावीस वर्षे सांभाळले, आणि त्या दप्तराने जे शिकवले तेवढ्याच्याच आधारे मी आज आपल्यापुढे उभी आहे. मी थेट विषयाकडे वळते. कारण ज्या विषयावर आपण दोन दिवस विचार करणार आहोत, तो आपल्या दारातून आत येऊन केव्हाच स्थिरावलेला आहे. फाटकावरच्या पहारेकऱ्याच्या हाती फोन आला, जिन्यात कॅमेरे आले, देखभालीची वर्गणी फोनवरून जमा होऊ लागली, वार्षिक सभेची सूचना फलकावर लागण्याआधी फोनवरच्या गटावर येऊ लागली. ही साधने असावीत की नसावीत, हा वाद आता उरलेला नाही. त्या साधनांच्या पोटात जी नोंद साठत जाते ती कोणाची, तिचा मालक कोण, आणि ज्याच्याविषयी ती नोंद झाली त्याला ती पाहण्याचा अधिकार आहे की नाही, हा प्रश्न मात्र आपण अजून एकमेकांना विचारलेलासुद्धा नाही.

यंत्राशी सहकाराची गाठ पडण्याचा हा आपल्या जिल्ह्यातील पहिला प्रसंग नव्हे. 1963 साली जिल्हा दूध संघ, म्हणजे आपले गोकुळ, स्थापन झाला. आणि गावोगावच्या दूध संस्थांत फॅट काढण्याची जी जुनी रीत होती, ती आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिलेली असेल. काचेच्या नळीत दूध, त्यात गंधकाम्ल, मग ती नळी फिरवून वर आलेल्या स्निग्धांशाचा आकडा वाचायचा, आणि तो वाचायचा चाचणी घेणाऱ्याने. म्हशीची धार काढून पहाटे आलेल्या बाईने तो ऐकायचा. पुढे विजेवर चालणारे यंत्र आले, आकडा सर्वांना दिसेल असा उमटू लागला, हाती छापील पावती पडू लागली. त्या यंत्राची रचना किती शेतकऱ्यांना समजली होती? बहुधा कोणालाच नाही. तरी त्यांनी ते मनापासून स्वीकारले, कारण जो आकडा पूर्वी दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचावा लागे, तो आता त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसत होता. यंत्राने अधिकार हिरावला नव्हता, हाती दिला होता. आणि माझ्या मते कोणत्याही सहकारी संस्थेने नवे साधन पारखून घेताना हीच कसोटी लावली पाहिजे.

दुसरे उदाहरण वारणेचे. 1998 साली वारणानगरच्या परिसरातील 70 गावे संगणकाने जोडण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला, तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली. गावातल्या केंद्रात संगणक बसवावा, आणि त्यावरून शेतीचा सल्ला, बाजारभाव, शासकीय माहिती असे सर्व काही शेतकऱ्याला मिळावे, असा तो उदात्त संकल्प होता. प्रत्यक्षात त्या संगणकांवर चालत राहिला तो मुख्यतः तेथील साखर कारखान्याचा व्यवहार: उसाचे वजन, खताची उचल, तोडणीच्या नोंदी. काही वर्षांनी संशोधकांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल फोन व त्यावरचे लघुसंदेश योजून पाहिले, आणि तेच काम अल्प खर्चात होऊ लागले. शिवाय आपल्या उसाचे वजन किती, खताचा हिशेब काय, हे शेतकऱ्याला केंद्राची पायरी न चढता कळू लागले. मोठ्या पेटीतले बहुतेक सामर्थ्य विनावापर पडून राहिले आणि खिशातल्या लहानशा यंत्राने काम केले. आपल्या संस्थांना आज जी भली मोठी प्रणाली विकण्यासाठी मंडळी येतात, तिच्या चाळीस सोयींपैकी आपल्याला चारच लागतात, हे ओळखण्याचे धैर्य कार्यकारिणीला वारणेच्या या अनुभवातून यावे.

आता आपल्या स्वतःच्या क्षेत्राकडे येते. मुंबईत गावदेवी येथे सारस्वत मंडळींची गृहनिर्माण संस्था 1915 साली नोंदली गेली, आणि रावबहादूर तालमकी यांच्यासारख्यांनी त्या काळी जे बीज रुजवले, त्याच्याच विस्तारात आपण आज राहतो आहोत. 1960 चा सहकारी संस्था अधिनियम, 1963 चा मालकी सदनिकांचा कायदा आणि 1970 चा अपार्टमेंट मालकीचा कायदा, या तिहींच्या चौकटीत आपले सर्व व्यवहार चालतात. 2019 साली तर सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरणच घालण्यात आले. या सर्व कायद्यांचा आणि उपविधींचा कणा एकच आहे, आणि तो म्हणजे दप्तर. ‘आय’ नमुन्यातील सभासदांची नोंदवही, ‘जे’ नमुन्यातील यादी, इतिवृत्त, रोजकीर्द, भागपत्रांची नोंद, हे सारे संस्थेच्या ताब्यात असावे आणि सभासदाला रीतीप्रमाणे पाहता यावे, ही त्यामागची भूमिका.

आमच्या संस्थेत ते दप्तर एका लोखंडी पेटीत असे. पेटीची किल्ली सचिवाकडे आणि दुसरी अध्यक्षांकडे. काही वर्षांपूर्वी आम्ही जमाखर्च, सभासदांची यादी, फाटकावरची नोंद असे सर्व एका कंपनीच्या प्रणालीवर नेले. पहिले वर्ष सुखात गेले. पुढे दर वाढले, कराराची मुदत संपली, आणि आम्ही नूतनीकरणास नकार देताच आमच्याच तीन वर्षांच्या पावत्या आम्हाला दिसेनाशा झाल्या. लेखापरीक्षणाची मुदत जवळ आलेली, थकबाकीदारांची यादी हाती नाही, आणि आपल्या मिळकतीचे दप्तर मिळावे म्हणून आपणच अर्जविनंत्या करायच्या! शेवटी बँकेची खातेपुस्तिका पुढे ठेवून आमच्या खजिनदारबाईंनी पंधरा रात्री जागून जमाखर्च पुन्हा उभा केला. त्यातही एक अडचण होती, ती आपणा सर्वांच्या परिचयाची असेल: फोनवरून भरलेल्या कित्येक रकमा नुसत्या आकड्यांच्या रूपाने खात्यात पडलेल्या, भरणाऱ्याने सदनिका क्रमांक लिहिलेला नाही, आणि बँकेच्या नोंदीत मुलाचे, जावयाचे किंवा भाडेकरूचे नाव. जुन्या काळी वर्गणी देणारा समोर उभा असे आणि पावतीपुस्तकात स्थळप्रत राही. त्या स्थळप्रतीचे मोल मला त्या पंधरा रात्रींत कळले.

त्या वर्षापासून आम्ही एक वहिवाट पाडली. दर महिनाअखेरीस सर्व नोंदी उतरवून घ्यायच्या, त्याची एक छापील प्रत पेटीत ठेवायची, आणि कोणत्याही कंपनीशी करार करताना ‘करार संपल्यावर संपूर्ण दप्तर वाचता येईल अशा स्वरूपात संस्थेच्या स्वाधीन करावे’ हे कलम मसुद्यात घातल्याशिवाय सही करायची नाही. या कलमावर अडून बसलेल्या एका विक्रेत्याला आम्ही परत पाठवले, आणि त्याचा मला कधीही पश्चात्ताप झाला नाही.

ठरावांच्या बाबतीत तर याहून अधिक दक्षता हवी. गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब करून त्याच जागी पुन्हा भरवणे, हा आपल्या सर्वांचा वार्षिक अनुभव. आणि म्हणून करोनाच्या काळात शासनाने दृकश्राव्य माध्यमातून सभा घेण्याची मुभा दिली, तेव्हा पुण्याला, बंगळुरूला, समुद्रापलीकडे गेलेली आपली मुले पडद्यावर हजर झाली, याचा मला आनंदच झाला. परंतु त्या पहिल्या सभेत एक गोष्ट माझ्या मनाला लागली. जिन्यात भेटल्यावर पाण्याच्या मोटारीपासून गच्चीच्या गळतीपर्यंत तळमळीने बोलणाऱ्या आमच्या तीन वृद्ध भगिनी त्या दिवशी एक शब्दही बोलल्या नाहीत. दूर असलेले जवळ आले, आणि जवळ असलेले मुके झाले. त्यानंतर आम्ही सभा खालच्या मोकळ्या जागेतच भरवतो, आणि बाहेरगावच्यांसाठी एका कोपऱ्यात पडदा लावतो. मूळ सभा माणसांची, आणि पडदा तिला जोडलेला.

गटावर अंगठ्याचे चिन्ह उमटवून ‘ठराव मंजूर’ म्हणण्याची जी प्रथा वाढते आहे, तिच्याविषयी मी स्पष्ट बोलते. आपल्या जुन्या दस्तऐवजांत निरक्षर माणसाची निशाणी अंगठा असे. पण तो उठवण्यापूर्वी मजकूर त्याला मोठ्याने वाचून दाखवला जाई आणि दोन साक्षीदार त्याची ग्वाही देत. ज्याला अक्षर येत नव्हते त्याच्या अंगठ्यालाही आपल्या पूर्वजांनी एवढी प्रतिष्ठा दिली होती. सात लाखांच्या उद्वाहनाच्या खर्चाला, मसुदा न वाचता, स्वयंपाक करताकरता उमटवलेला अंगठा हा ठराव नव्हे. सूचना, चौदा दिवसांची मुदत, चर्चा, सूचक, अनुमोदक आणि इतिवृत्त या क्रमाला फाटा देणारे साधन कितीही सोयीचे असले तरी ते संस्थेला आतून पोखरते.

आता फाटकाकडे चला. उचगाव-पाचगावाहून पायी येणारी, पाच घरची धुणीभांडी करणारी बाई फाटकावर एक सांकेतिक क्रमांक सांगते, आणि ती किती वाजता आली, किती वाजता गेली, याची मिनिटामिनिटाची नोंद पाचही घरांच्या फोनवर जाते. काही प्रणालींत तर तिला तारे देऊन तिच्या कामाची प्रत लावण्याची सोय आहे. छायाचित्र तिचे, वेळ तिची, श्रम तिचे. आणि ती नोंद मात्र तिला स्वतःला दिसत नाही. दूध घालणाऱ्या बाईला यंत्राने तिचा आकडा दाखवला. भांडी घासणाऱ्या बाईला यंत्र तिचा आकडा दाखवत नाही, यात मला घोर अन्याय दिसतो. 2023 साली संसदेने डिजिटल स्वरूपातील वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम संमत केला. संमती घ्यावी, सांगितलेल्या कारणापुरतीच माहिती वापरावी, कारण संपल्यावर ती काढून टाकावी, अशी त्याची दिशा आहे. कायद्याचा बडगा येण्याची वाट न पाहता आपण आपल्या संस्थेत एवढे तरी करावे की महिन्याच्या शेवटी तिच्या हजेरीचा कागद तिच्या हाती द्यावा. खाड्यावरून पगार कापण्याची तकरार निघाली, तर तोच कागद तिचा साक्षीदार होईल. तारे देण्याची सोय आमच्या संस्थेने ठरावाने बंद केली आहे, आणि तो ठराव मांडण्याचे भाग्य मला लाभले.

महापुराचा उल्लेख केल्यावाचून कोल्हापुरात या विषयावर बोलणे पुरे होणार नाही. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानेच उघडतात. एकेका दरवाजातून 1428 क्युसेक पाणी भोगावतीत येते, आणि ती वार्ता हल्ली काही पळांत प्रत्येक फोनवर पोचते. पूर्वी दवंडी पिटली जाई. दवंडी ऐकण्यासाठी मात्र कोणाला काही विकत घ्यावे लागत नसे. 2019 च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि ती पुढे 55 फुटांवर गेली, तेव्हा आमच्या इमारतीचा तळमजला पाण्यात गेला. पंपाची मोटार बुडाली, उद्वाहन बंद पडले, पहारेकऱ्याच्या खोलीतील कॅमेऱ्यांची पेटी चिखलाने भरली. महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली, उपसा केंद्रे बुडाल्याने शहराचे नळ कोरडे, वीज नाही. पहिल्या दिवशी गटावर संदेशांची रीघ होती. दुसऱ्या रात्री एकेक फोन विझत गेला, आणि गट गप्प झाला.

त्या अंधारात उपयोगी पडली ती पेटीतली छापील यादी. कोणत्या सदनिकेत एकटे वृद्ध राहतात, कोणाला इन्सुलिन लागते, कोणाच्या घरी बाळंतीण आहे, हे आमच्या एका जुन्या खजिनदारांनी ‘जे’ नमुन्याच्या प्रतीवर समासात पेन्सिलीने लिहून ठेवले होते. ती यादी हाती घेऊन दोन तरुण मुले मेणबत्तीच्या उजेडात मजलोमजली फिरली आणि नावेतून कोणाला आधी न्यायचे ते ठरले. 2021 मध्ये पाणी पुन्हा आले, तोवर विजेचे फलक व कॅमेऱ्यांची पेटी आम्ही पहिल्या मजल्यावर हलवली होती, आणि गच्चीवरच्या सौर संचाला साठवणीची बॅटरी जोडून जिन्यातले दिवे व प्रत्येक मजल्यावर फोन भारित करण्याची एक जागा एवढी सोय केली होती. तेव्हा गट गप्प झाला नाही. यादीही पेटीत होतीच.

सौर ऊर्जेचा विषय उद्याच्या सत्रात तज्ज्ञ मंडळी मांडणार आहेत, म्हणून एवढेच सांगते की 2024 च्या सूर्यघर योजनेत सामायिक वापरासाठी संस्थांना दर किलोवॅटमागे 18,000 रुपये अनुदान ठेवले आहे, आणि गच्ची सामायिक असल्याने त्यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. ज्या इमारतींचे अभिहस्तांतरण अजून झालेले नाही, त्यांनी मानीव अभिहस्तांतरणाचे प्रकरण आधी दाखल करावे. जमीन आपल्या नावावर नसताना गच्चीवर सूर्य पकडण्याची घाई करू नये. विजेवरच्या वाहनांच्या चार्जिंगचे तंटेही आता येऊ लागले आहेत. त्यांचे मूळ बहुधा वाहनतळाच्या जुन्या वाटपात सापडेल.

बंधुभगिनींनो, विषय नियामक समितीने तीन ठरावांचे मसुदे आपल्या हाती दिलेले आहेत. पहिला, दप्तर संस्थेच्या ताब्यात ठेवण्याच्या कलमाचा. दुसरा, फाटकावर नोंद होणाऱ्या कामगारांना त्यांची नोंद देण्याचा. आणि तिसरा, प्रत्येक संस्थेने दर जून महिन्यात, पावसाळ्याच्या तोंडी, सभासदांची छापील यादी अद्ययावत करण्याचा. त्यांच्या भाषेत दोष असतील तर दुरुस्त्या सुचवा. पण मसुदा वाचल्यावाचून हात वर करू नका, अशी माझी हात जोडून विनंती आहे. वाचनासाठी अर्धा तास देऊन मी सभा तेवढ्यापुरती तहकूब करते. ज्यांना बारीक अक्षर वाचता येत नाही त्यांनी कृपया पुढच्या दोन रांगांत यावे. तिन्ही मसुदे मी स्वतः त्यांना मोठ्याने वाचून दाखवीन.